दौंड–मनमाडच्या वाचकासाठी

इंग्लंडमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रेल्वेचा इतिहास आणि युद्धकाळातली लढाऊ विमाने या विषयांची कपाटे बहुधा शेजारी शेजारी असतात. या शेजाराला कारण आहे. १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, सदर्न रेल्वेच्या कचेरीत काम करणाऱ्या इयान ॲलन नावाच्या तरुणाने त्या कंपनीच्या इंजिनांची नावे आणि क्रमांक देणारी एक छोटी पुस्तिका छापली. ती हातोहात खपली. शाळकरी पोरे फलाटाच्या टोकाला उभी राहून आलेल्या-गेलेल्या इंजिनावर खूण करू लागली. त्याच दिवसांत तीच पोरे आभाळातल्या विमानाची आकृती पाहून ते आपले की शत्रूचे हे ओळखायला शिकत होती. तेवढ्यासाठी 'द एरोप्लेन स्पॉटर' नावाचे नियतकालिक निघत होते. पुढे इयान ॲलनची मोठी प्रकाशनसंस्था झाली आणि तिने रेल्वे व विमाने हे दोन्ही विषय चालवले. वाचक एकच होता. वही-पेन्सिल घेऊन मान वर करणारा तो मुलगा मोठा झाला आणि त्याने आयुष्यभर ही पुस्तके विकत घेतली. काहींनी ती लिहिलीही.

प्रस्तुत पुस्तक या दोन्ही कपाटांतल्या निवडक ग्रंथांची मराठीत ओळख करून देते. संकलकांनी ही निवड करताना नगर जिल्ह्यातला वाचक मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवला आहे. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, बोलण्यात अजून 'नगर' येते आणि या प्रस्तावनेतही तसेच येईल.) यावर पहिला प्रश्न कोणता येईल ते मला ठाऊक आहे. विलायतेतल्या रेल्वे कंपन्या, त्यांची इंजिने, त्यांच्या हवाई दलाच्या लढाया यांच्याशी कोपरगाव-श्रीगोंद्याच्या माणसाला काय करायचे? माझे उत्तर असे की या पुस्तकांतला बराचसा मजकूर आपल्या जिल्ह्याच्या जमिनीवरून गेलेला आहे. आणि त्यांच्यात जे राहून गेले, ते भरून काढायची सामग्री त्यांच्यापेक्षा आपल्याकडे जास्त आहे.

१८७८ हे एक साल घ्या. त्या वर्षी दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगर शहरात आगगाडी आली. त्याच वर्षी इंग्लंडात पीटरबरो इथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात हेन्री रॉइस नावाचा गरीब घरचा पंधरा वर्षांचा मुलगा उमेदवारीला लागला. पैशांअभावी त्याची उमेदवारी पुरी झाली नाही, पण हाताला कानस-लेथचे वळण लागले ते कायमचे. याच रॉइसने पुढे चार्ल्स रोल्सच्या भागीदारीत मोटारी काढल्या. त्या मोटारीच्या सांगाड्यावर चिलखत चढवून केलेली रोल्स-रॉइस आर्मर्ड कार नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभी आहे. शाळेच्या सहलीत तिच्यासमोरून रांगेने गेला नाही असा नगरकर विरळाच. आणि याच कंपनीचे मर्लिन इंजिन स्पिटफायर व हरिकेन या विमानांच्या नाकात बसले. स्पिटफायरचा आराखडा करणारे आर. जे. मिचेल हेसुद्धा मूळचे रेल्वेच्याच वाटेवरचे. सोळाव्या वर्षी ते स्टोकजवळच्या केर स्टुअर्ट या वाफेची इंजिने बांधणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले होते. रेल्वेचा कारखाना ही त्या पिढीची तंत्रशाळा होती, आणि विमान बनवणारे हात तिथेच तयार झाले. एल. टी. सी. रोल्ट यांची ब्रुनेल आणि स्टीफन्सन पितापुत्रांवरची चरित्रे वाचली की ही परंपरा कुठून सुरू झाली ते कळते. म्हणून संकलकांनी ती यादीत आधी घेतली, हे योग्यच केले.

नातेही एकतर्फी नव्हते. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या 'कॅसल' वर्गातल्या काही इंजिनांची जुनी नावे काढून त्यांना विमानांची नावे दिली: स्पिटफायर, हरिकेन, वेलिंग्टन, लायसँडर. यातले लायसँडर आपल्या ओळखीचे आहे. १९४२ च्या आरंभी ब्रह्मदेशात भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन याच विमानांवर लढली.

आता दौंड–मनमाडकडे वळतो, कारण या संग्रहातल्या पुस्तकांचे बळ आणि त्यांचा दोष दोन्ही इथे एकदम दिसतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दोन शाखा कल्याणला फुटत होत्या. एक थळ घाटातून मनमाडकडे, दुसरी बोर घाटातून पुणे-दौंडकडे. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला दोन्ही घाट उतरून-चढून जावे लागे. दौंड आणि मनमाड जोडले की हा फेरा वाचतो. सुमारे १४५ मैलांचा हा मार्ग सरकारी पैशाने झाला आणि चालवायला 'जीआयपी'कडे गेला. इंग्रजी पुस्तकांत हा मार्ग भेटतो तो साधारण एवढाच. रूळ ब्रॉडगेज, उघडल्याचे साल अमुक, चालवणारी कंपनी तमुक. पुढच्या ओळीत लेखक दुसऱ्या मार्गावर गेलेला असतो.

पण या मार्गाची माती १८७६–७७ च्या दुष्काळात पडली. नगर, पुणे, सोलापूर या भागांत पाऊस गेला, जनावरे गेली, आणि माणसे दुष्काळी कामावर आली. भराव घालणे, खोदाई, खडी फोडणे ही ती कामे. सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली मजुरी अशी होती की दिवसभर मातीकाम करणाऱ्याला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा मिळावा. एवढ्यावर टोपली उचलणारा माणूस जगेल का, हा तेव्हाच वादाचा विषय झाला. मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरच्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी दुष्काळाचे अहवाल सरकारपुढे मांडत राहण्याचे काम नेटाने केले. मार्ग सुरू झाला त्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल हेच होते.

विसापूर, सारोळा, अकोळनेर, विळद, वांबोरी, राहुरी, पुणतांबा ही स्थानके रोज ओलांडणाऱ्याने हे जाणून घेतले पाहिजे असे मला मनापासून वाटते. रेल्वेच्या इतिहासात इंजिनाला क्रमांक असतो, पुलाला क्रमांक असतो, गेटला असतो. त्या भरावावर टोपल्या टाकणाऱ्या बायांना आणि गड्यांना नाव नसते. या संग्रहात इयन कर यांचे भारतातल्या रेल्वेबांधणीवरचे, १९९५ साली आलेले पुस्तक आहे ते याचसाठी मोलाचे. ठेकेदार, मुकादम, वडार-बेलदारांच्या टोळ्या, बोर घाटात रोगराईने आणि अपघातांनी मेलेली माणसे यांना त्यांनी पुस्तकाच्या मध्यभागी आणले. ते वाचून झाल्यावर १८८४ चे नगर जिल्ह्याचे गॅझेटियर उघडावे आणि त्यातली लोहमार्गाची पाने पुन्हा वाचावी. तीच पाने वेगळी दिसू लागतात.

एवढे म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या पुस्तकांना तपशिलाचे वेड आहे आणि ते वेड मला आदराचे वाटते. ह्यू ह्यूज यांनी भारतीय इंजिनांची जी सूची केली, ती पाहताना मन थक्क होते. प्रत्येक इंजिन कोणत्या कारखान्याने, कोणत्या साली, कितव्या क्रमांकाने बांधले, मग ते कोणत्या कंपनीकडे गेले. व्हल्कन फाउंड्री, नॉर्थ ब्रिटिश, बेयर पीकॉक ही नावे पानापानावर येतात. नवख्या वाचकाला त्यात '०-६-०', '२-८-२' असे आकडे दिसतील आणि तो बिचकेल. बिचकायचे कारण नाही. मधला आकडा ओढणाऱ्या मोठ्या चाकांचा, आधीचा पुढे वाट दाखवणाऱ्या छोट्या चाकांचा, शेवटचा मागच्या, भट्टीखालच्या चाकांचा. '२-८-२' म्हणजे जड मालगाडीचे इंजिन. महायुद्धात भारतातली इंजिने, डबे आणि रूळ मध्यपूर्वेच्या आघाडीकडे पाठवले गेले आणि इथे ओढाताण झाली. मग अमेरिका आणि कॅनडातून याच '२-८-२' घडणीची इंजिने जहाजांतून उतरली. अशी एक ओळ वाचता आली की सबंध तक्ता बोलू लागतो. आपल्याकडे स्मरणिका निघतात, गौरवग्रंथ निघतात, पण कारखान्याचा क्रमांक टिपून ठेवावा ही सवय आपल्याला लागलेली नाही. ती या पुस्तकांकडून घ्यावी.

लोहमार्ग आणि विमान यांची कहाणी कशी एकात एक गुंतली होती हे पाहायचे तर १९४४ चा वसंत पाहावा. त्याचे एक टोक नगरमध्येच आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना घेऊन खास गाडी निघाली; गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवले आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना पुढे नगरला आणून भुईकोट किल्ल्यात ठेवले. दुष्काळी मजुरांनी भराव घातलेल्या मार्गानेच ती गाडी आली. किल्ल्यात वीस महिने काढल्यावर जवाहरलाल नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या लेखनाला हात घातला. त्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणावर तारीख आहे १३ एप्रिल १९४४.

दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज स्फोटाने उडाले. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या, आणि खोक्यांत बांधलेली बारा स्पिटफायर विमाने होती. गोदी आणि आसपासच्या वस्त्या जळाल्या, शेकडो माणसे मेली. जॉन एनिस यांनी या स्फोटावर १९५९ साली लिहिलेले पुस्तक या यादीत आहे. मुंबईत नोकरीला असलेला माणूस ज्या घरात होता अशा नगर जिल्ह्यातल्या कुटुंबांत या स्फोटाच्या आठवणी सांगितल्या गेल्या आहेत. त्या एनिस यांच्या पुस्तकाशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

त्याच वसंतात ईशान्येला इंफाळ-कोहिमाचा वेढा पडला होता. आसाममधल्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला माल जात होता आणि वेढ्यातल्या फौजेला विमानांतून रसद मिळत होती. पण धावपट्टीपर्यंत पेट्रोल, बॉम्ब आणि धान्य न्यायचे ते बंगाल-आसाम रेल्वेने, मीटरगेजवरून, ब्रह्मपुत्रेवर डबे तराफ्यावर चढवून. त्या मार्गाची क्षमता इतकी अपुरी पडली की १ मार्च १९४४ पासून त्याच्या सुमारे आठशे मैलांचा कारभार अमेरिकी लष्करी रेल्वे पलटणींनी हाती घेतला. हेन्री प्रॉबर्ट यांचा जपानविरुद्धच्या हवाई युद्धावरचा ग्रंथ वाचताना हे ध्यानात ठेवावे. विमान उडाले हे चित्र डोळ्यांत भरते. त्याच्या आधी महिनाभर रुळांवर काय चालले होते ते शोधून वाचावे लागते.

या आकाशात मराठी माणसेही होती. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजला शिकून रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये गेले, २३ व्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन जातीचे विमान उडवताना जून १९१८ मध्ये जर्मनांच्या हद्दीत पडले आणि तिथेच वारले. दुसऱ्या महायुद्धात हृषिकेश मुळगावकर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडाले. १९४७–४८ च्या काश्मीर युद्धात त्यांना महावीरचक्र मिळाले आणि १९७६ साली ते हवाई दलप्रमुख झाले. ब्रिटिश हवाई दलात मुंबईचे नाव लावलेली १३२ वी 'सिटी ऑफ बॉम्बे' स्क्वाड्रन होती. बहुतेक ब्रिटिश पुस्तकांत यातली माणसे तळटीपेपुरती येतात. के. एस. नायर यांच्या भारतीय वैमानिकांवरच्या २०१९ मधल्या पुस्तकाने आणि रघू कर्नाड यांच्या 'फार्देस्ट फील्ड'ने ही उणीव बरीच भरून काढली. कर्नाड यांचे पुस्तक मी तरुण वाचकाला सगळ्यांत आधी देईन, कारण त्यात एका घरातली तीन माणसे युद्धात कशी गेली हे घराच्या आतून दिसते.

आणि आता या संग्रहातली दोन पुस्तके, जी मला एकमेकांपासून वेगळी वाचवतच नाहीत. एक पी. एस. ए. बेरिज यांचे 'कपलिंग्ज टू द खैबर', १९६९ चे, नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा इतिहास सांगणारे. दुसरे फेथ जॉन्स्टन यांचे 'फोर माइल्स टू फ्रीडम', २०१३ चे.

बेरिज हे स्वतः रेल्वेचे पूल बांधणारे इंजिनिअर. खैबर खिंडीतला मार्ग ते अशा बारकाईने सांगतात की नकाशा समोर न ठेवताही डोळ्यांपुढे येतो. ३४ बोगदे, ओढ्यानाल्यांवरचे पूल, चढ इतका की गाडीने पुढे जाऊन थांबायचे आणि उलट्या दिशेने पुढचा टप्पा चढायचा. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात जुन्या काळी रिव्हर्सिंग स्टेशन होते, तीच युक्ती. १९२५ च्या नोव्हेंबरात गाडी लंडी कोतलपर्यंत पोचली. १९२६ साली ती आणखी खाली, सरहद्दीच्या तोंडाशी असलेल्या लंडी खानापर्यंत गेली. पण हा शेवटचा तुकडा फार काळ चालला नाही. १९३२ साली तो बंद झाला. रेल्वेच्या इतिहासात अशा बंद पडलेल्या तुकड्यांची नोंद एका ओळीत उरकते.

आता दुसरे पुस्तक. १० डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे सुखोई विमान पाकिस्तानच्या हद्दीत पडले आणि ते कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीत असताना पळून जायचेच असा त्यांचा ध्यास होता. एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोन सहकारी त्यांच्याबरोबर होते. भिंत आतून कोरत त्यांनी माणूस जाईल एवढे भोक पाडले आणि १२–१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री, पावसाचा फायदा घेऊन, तिघे बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून पुढे जमरूद, मग लंडी कोतल. अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर आली. तिथे त्यांनी पुढचा मुक्काम म्हणून लंडी खानाचा रस्ता विचारला, कारण त्यांना माहीत असलेल्या नकाशात रेल्वे तिथवर जात होती.

लंडी खानाला जाणारी गाडी चाळीस वर्षांपूर्वी बंद झाली होती. तिथे जायचे म्हणणारा माणूस त्या मुलखातला असूच शकत नव्हता. संशय आला, तहसीलदाराच्या कचेरीतल्या कारकुनाने त्यांना हटकले, आणि तिघे पकडले गेले. त्या टापूत परक्या माणसाचा जीव जायला वेळ लागला नसता. परुळकरांनी प्रसंगावधान राखून पूर्वी त्यांच्या छावणीवर असलेले स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांच्याशी फोन जोडून मागितला. हमीद यांनी हे आपले कैदी आहेत असे सांगितले, आणि जीव वाचले. १९७२ च्या डिसेंबरात सगळे मायदेशी परतले.

बेरिज यांच्या पुस्तकातली ती एक ओळ आणि जॉन्स्टन यांच्या पुस्तकातला तो एक प्रश्न यांच्यामध्ये मी पुष्कळ वेळा थांबलो आहे. इंजिनांचे क्रमांक आणि बंद पडलेल्या फाट्यांच्या तारखा टिपणाऱ्यांना लोक छांदिष्ट म्हणतात. त्यांनी टिपलेली एक तारीख तीन वैमानिकांच्या सुटकेशी अशी बांधलेली होती.

जिल्ह्यात अशा ओळी किती पडून आहेत! नगरहून दौंडच्या बाजूला निघाले की अरणगावजवळ रूळ मेहेराबादमधून जातात. १९२३ साली मेहेर बाबा तिथे आले तेव्हा त्या माळावर पहिल्या महायुद्धातल्या लष्करी तळाच्या रिकाम्या इमारती आणि पाण्याची टाकी उभी होती. तो तळ कुठल्या पलटणींसाठी होता, सामान कुठल्या साइडिंगला उतरायचे, हे कुणीतरी बसून लिहिले पाहिजे. श्रीरामपूर हे शहर रेल्वेमुळे वाढले, आणि त्याच्या स्थानकाचे नाव मात्र बेलापूर राहिले. त्या बाजारपेठेचा आणि मालधक्क्याचा इतिहास लिहायला हमालांपासून अडत्यांपर्यंत सांगणारी माणसे आहेत. कल्याणजवळ नेवाळीला महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनींचा प्रश्न २०१७ सालीही शेतकऱ्यांना रस्त्यावर आणत होता. खारे कर्जुने परिसरात राहणाऱ्याला लष्करासाठी जमीन जाणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायला नको. १८३८ पासून वाचनालय चालत आलेल्या शहरात या कामाला वाचक मिळतील, आणि त्यांतूनच लिहिणारेही निघतील.

शेवटी वाचनाच्या क्रमाविषयी, कारण संकलकांनी पुस्तके विषयवार लावली आहेत आणि नव्या वाचकाला कुठून धरावे हे त्यावरून कळत नाही. रोल्ट यांच्या 'रेड फॉर डेंजर'पासून सुरुवात करावी. रेल्वे अपघातांवरचे हे १९५५ चे पुस्तक सिग्नल, ब्लॉक, सांधे, ब्रेक या सगळ्यांची ओळख गोष्टीच्या ओघात करून देते आणि मग पुढची तांत्रिक पुस्तके जड जात नाहीत. त्यानंतर कर, आणि लगेच गॅझेटियर. विमानांच्या बाजूला आधी कर्नाड, मग नायर, मग प्रॉबर्ट. ह्यूज यांची सूची सलग वाचायची नसते. ती हाताशी ठेवावी आणि एखाद्या जुन्या छायाचित्रात इंजिनाचा क्रमांक दिसला की उघडावी. बेरिज आणि जॉन्स्टन मात्र एकाच आठवड्यात, एकामागून एक वाचावीत, आणि जॉन्स्टन यांच्या पुस्तकात तिघे लंडी कोतलला उतरतात त्या पानावर थांबून बेरिज यांचे खैबरचे प्रकरण परत काढावे.